व्यापारी गटातून बाहेर पडल्यावर नेमकं काय होतं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रेक्झिटचा, म्हणजे ब्रिटननं युरोपीय संघ सोडल्याचा विषय निघाला की बोलणं लगेच दोन टोकांना जातं. एकाच्या मते सगळं मातीत गेलं, दुसऱ्याच्या मते काहीच बिघडलं नाही, उगाच बाऊ केला. खाली जी उत्तरं आहेत ती या दोघांनाही पूर्ण पटणार नाहीत. बरीच उदाहरणं ब्रिटनची आहेत, कारण एवढ्या मोठ्या अर्थव्यवस्थेनं एवढ्या घट्ट बांधलेल्या गटातून अंग काढून घेतल्याचं दुसरं उदाहरण नाही. जिथे इतर देशांचा अनुभव वेगळा आहे, तिथे तो सांगितला आहे.

व्यापारी गट म्हणजे सगळे एकसारखेच का?

अजिबात नाही, आणि निम्मा गोंधळ इथूनच सुरू होतो. साध्या मुक्त व्यापार क्षेत्रात सदस्य देश एकमेकांच्या मालावर आयातशुल्क लावत नाहीत, पण बाहेरच्या देशांसाठी प्रत्येकाचे दर वेगळे असतात. सीमाशुल्क संघात बाहेरच्यांसाठीचे दरही एकच असतात, त्यामुळे बाहेरच्या देशाशी शुल्काचा वेगळा करार एकट्यानं करता येत नाही. एकल बाजारपेठ त्याहून पुढची: मालाचे दर्जा-नियम, परवाने, सेवा, भांडवल आणि माणसांची ये-जा, सगळंच सामाईक.

नॉर्वे युरोपच्या एकल बाजारपेठेत आहे, पण सीमाशुल्क संघात नाही. म्हणून स्वीडनच्या सीमेवर, स्विनेसुंडला, ट्रकवाल्यांना आजही कस्टम्सचे कागद दाखवावे लागतात. तुर्कस्तानचं नेमकं उलट. १९९५ च्या अखेरीपासून तो औद्योगिक मालापुरता सीमाशुल्क संघात आहे, पण एकल बाजारपेठेत नाही, आणि बल्गेरियाच्या सीमेवरच्या कापिकुले नाक्यावर ट्रकच्या लांबलचक रांगा लागतात. तेव्हा 'बाहेर पडलो' असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा: नेमकं कशातून? ब्रिटन या सगळ्यातूनच बाहेर पडला.

बाहेर पडायची रीत काय? बाकीचे सदस्य अडवू शकतात का?

सहसा अडवू शकत नाहीत. बहुतेक करारांत निघण्याचं कलम असतं आणि फरक असतो तो मुदतीचा. अमेरिका, मेक्सिको आणि कॅनडा यांच्या करारातून सहा महिन्यांच्या नोटिशीवर निघता येतं. पश्चिम आफ्रिकी देशांच्या इकोवास या गटात एक वर्ष. युरोपीय संघाच्या कराराच्या कलम ५० मध्ये दोन वर्षं. ब्रिटननं २९ मार्च २०१७ ला नोटीस दिली, तीनदा मुदतवाढ घेतली, ३१ जानेवारी २०२० ला तो औपचारिकरीत्या बाहेर पडला, आणि व्यापाराचे जुने नियम ३१ डिसेंबर २०२० पर्यंत चालूच राहिले. सार्वमत झालं होतं २३ जून २०१६ ला. म्हणजे मत देण्यापासून ट्रक अडेपर्यंत साडेचार वर्षं गेली.

कलम ५० ची गोम अशी की घड्याळ नोटीस देणाऱ्याच्या विरोधात पळतं. दोन वर्षांत करार झाला नाही तर संबंध आपोआप तुटतात, आणि त्याचा फटका लहान बाजूला मोठा बसतो. ब्रिटनची चाळीस टक्क्यांहून अधिक निर्यात युरोपीय संघात जात होती. उलट दिशेचं प्रमाण त्या मानानं कितीतरी कमी होतं. वाटाघाटीत कोण कोणाला वाकवणार हे या दोन आकड्यांतच दिसत होतं. तरीही 'आम्हाला त्यांची जेवढी गरज, त्याहून त्यांना आमची जास्त' असं बरेच दिवस सांगितलं जात होतं.

मतदानाच्या दुसऱ्या दिवशी काय झालं?

चलन पडलं. निकाल कळण्याआधी एका पौंडाला दीड डॉलरच्या आसपास भाव होता. २४ जून २०१६ ला तो १९८५ नंतरच्या नीचांकाला गेला, दिवसभरात सुमारे आठ टक्के घसरण. त्यामुळे आयात महागली आणि पुढच्या वर्षभरात महागाईनं घरखर्चात हात घातला. एकही नियम बदललेला नसताना लोकांना बसलेला हा पहिला चटका.

मात्र इथेच दुसरी बाजूही सांगायला हवी. ब्रिटनच्या अर्थखात्यानं मतदानाआधी इशारा दिला होता की 'बाहेर' असा कौल आला की लगेच मंदी येईल. ती आली नाही. रोजगार वाढत राहिला. या फसलेल्या भाकितामुळे पुढे तज्ज्ञांनी सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीवर 'तुमचं मागच्या वेळी काय झालं?' असं विचारायची सोय झाली. थांबली ती गुंतवणूक. उद्या कोणते नियम असतील हे ठाऊक नसताना कारखाना वाढवायला कोणी तयार होईना.

आयातशुल्क शून्यच राहिलं, तर मग नुकसान कसलं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न, आणि याचं उत्तर थोडं सविस्तर द्यायला हवं. ब्रिटन आणि युरोपीय संघ यांच्यात २४ डिसेंबर २०२० ला करार झाला. त्यात मालावर शुल्कही नाही आणि कोटाही नाही. कागदावर यापेक्षा चांगलं काय हवं? पण आधुनिक व्यापारात शुल्क हा किरकोळ भाग असतो. खरा खर्च सिद्ध करण्याचा. माल कुठला, कशाचा, कोणी तपासला, कुठल्या नियमात बसतो.

इंग्लंडमधला एक छोटा मांसविक्रेता घ्या. २०२० पर्यंत तो फ्रान्समधल्या गिऱ्हाइकाला माल पाठवायचा तेव्हा बिल बनवायचा आणि गाडीत चढवायचा. २०२१ पासून त्याला निर्यातीची घोषणा भरावी लागते, मूळ देशाचं निवेदन जोडावं लागतं, सरकारमान्य पशुवैद्याकडून आरोग्य प्रमाणपत्रावर सही-शिक्का घ्यावा लागतो, आणि पलीकडच्या बंदरात ठरलेल्या तपासणी केंद्रातूनच माल न्यावा लागतो. पशुवैद्याची फी माल शंभर किलो असो की दहा टन, फारशी बदलत नाही. मोठ्या कंपनीला हा खर्च हिशेबात कुठेतरी मुरवता येतो. लहान माणसाचा नफाच त्यात जातो.

त्यात आणखी एक भानगड. लहान व्यापारी अख्खा ट्रक भरू शकत नाहीत, त्यामुळे पाच-दहा जणांचा माल एकाच गाडीत जातो. एकाच्या कागदात एक आकडा चुकला की गाडी थांबते आणि बाकीच्यांचा नाशवंत मालही तिथेच सडतो. त्यामुळे वाहतूकदारच म्हणायला लागले, एकत्र माल नको. स्कॉटलंडच्या मासळी व्यापाऱ्यांनी जानेवारी २०२१ मध्ये आपले ट्रक थेट लंडनच्या सरकारी कचेऱ्यांसमोर आणून उभे केले, ते याच रागातून. शिंपले-कालवं विकणाऱ्यांची अवस्था आणखी वाईट झाली. समुद्राच्या काही पट्ट्यांतले जिवंत शिंपले शुद्ध न करता युरोपात पाठवायची मुभा फक्त सदस्य देशांना होती, ती ब्रिटनच्या हातून रातोरात गेली. शिंपले तेच, समुद्र तोच.

हॉलंडच्या बंदरावर तर कस्टम्सच्या लोकांनी ब्रिटनहून आलेल्या ड्रायव्हरांची हॅम सँडविचेस जप्त केली. मांस आणि दूध घेऊन बाहेरच्या देशातून आत यायचं नाही हा नियम जुनाच होता. ब्रिटन आता 'बाहेरचा देश' झाला होता, एवढंच.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संशोधकांच्या अभ्यासानुसार युरोपीय संघात माल पाठवणाऱ्या ब्रिटिश कंपन्यांपैकी सुमारे १४ टक्के, म्हणजे साधारण १६,४०० कंपन्यांनी तिथे निर्यात करणंच सोडलं. त्यात बहुतेक लहान. मोठ्यांची निर्यात फारशी हलली नाही. म्हणूनच एकूण आकडा पाहिला तर घसरण वाटते त्यापेक्षा कमी दिसते, आणि ज्यांचं दुकान बसलं त्यांना तो आकडा ऐकून संताप येतो.

'मूळ देशाचे नियम' हे काय प्रकरण आहे?

शून्य शुल्क फक्त त्या मालाला, जो खरोखर करार करणाऱ्या देशांत 'तयार' झाला. बांगलादेशात शिवलेला शर्ट ब्रिटनच्या गोदामात आला आणि तिथून आयर्लंडच्या दुकानात गेला, तर तो ब्रिटिश शर्ट होत नाही, आयर्लंडमध्ये शिरताना शुल्क भरावं लागू शकतं. त्याहून मजेशीर म्हणजे जर्मनीत बनलेली मिठाई. ती इंग्लंडच्या गोदामात येते, काही न करता तशीच आयर्लंडला पाठवली जाते, आणि युरोपातून युरोपात जातानाही शुल्काच्या कचाट्यात सापडते, कारण मधे ती एकदा बाहेर जाऊन आली.

एकच आकडा सांगा: एकूण नुकसान किती?

ब्रिटनच्या ऑफिस फॉर बजेट रिस्पॉन्सिबिलिटी या सरकारी हिशेबांचे स्वतंत्र अंदाज देणाऱ्या संस्थेचा अंदाज सर्वाधिक वापरला जातो: सदस्य राहिला असता त्या तुलनेत दीर्घकाळात उत्पादकता ४ टक्क्यांनी कमी, आणि आयात-निर्यात १५ टक्क्यांनी कमी.

यातले 'त्या तुलनेत' हे शब्द सोडून आकडा सांगितला जातो आणि मग भांडण लागतं. अर्थव्यवस्था चार टक्क्यांनी आक्रसली असा त्याचा अर्थ नाही. ती वाढलीच, पण जेवढी वाढू शकली असती तेवढी वाढली नाही. न घडलेली वाढ कोणाला दिसत नाही. शिवाय करार लागू झाला त्याच काळात कोविड होता, पाठोपाठ युक्रेनचं युद्ध आणि इंधनाची महागाई. प्रत्येक घसरणीचं खापर ब्रेक्झिटवर फोडणं जितकं सोपं, तितकंच प्रत्येक घसरण कोविडच्या खात्यात टाकणंही. अभ्यासक त्यासाठी ब्रिटनशी मिळत्याजुळत्या देशांचं मिश्रण करून त्याच्याशी तुलना करतात. ही पद्धत वादातीत नाही, पण निघणारे निष्कर्ष बहुतेक एकाच दिशेचे आहेत.

सेवाक्षेत्राचं काय झालं?

भाकितांपेक्षा बरं. लंडनच्या बँकांचा 'पासपोर्ट', म्हणजे एका परवान्यावर सगळ्या युरोपात धंदा करायची सोय, गेला. युरोपीय औषध संस्था लंडनहून ॲमस्टरडॅमला आणि बँकिंग प्राधिकरण पॅरिसला गेलं. जानेवारी २०२१ मध्ये शेअरच्या दैनंदिन उलाढालीत ॲमस्टरडॅमनं लंडनला मागे टाकलं. पण लंडन ओस पडेल असं जे म्हटलं जात होतं, तसं झालं नाही. सल्लागार, कायदा, माहिती-तंत्रज्ञान अशा सेवांची निर्यात चांगली वाढली. ब्रिटनची अर्थव्यवस्था सुमारे ८० टक्के सेवांवर उभी आहे आणि सल्ला देणाऱ्याला पशुवैद्याची सही लागत नाही. फटका बसला तो प्रत्यक्ष जाऊन काम करावं लागणाऱ्यांना. दौऱ्यावर जाणारे वादक हे त्यातलं ठळक उदाहरण: प्रत्येक देशाचे कामाच्या परवान्याचे नियम वेगळे, आणि वाद्यांच्या वाहतुकीचे आणखी वेगळे.

गटाला भरावी लागणारी वर्गणी तरी वाचते ना?

वाचते. पण किती ते पाहा. आठवड्याला ३५ कोटी पौंड वाचतील असं निघण्याच्या बाजूच्या प्रचाराच्या लाल बसवर सुचवलं होतं. त्या रकमेतून ब्रिटनला मिळणारी सूट वजा केलेली नव्हती, शेतकऱ्यांना आणि मागास भागांना परत येणारा पैसाही वजा केलेला नव्हता. निव्वळ वर्गणी वर्षाला ढोबळ मानानं ९ अब्ज पौंडांच्या घरात होती, राष्ट्रीय उत्पन्नाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. बाहेर पडताना आधी कबूल केलेल्या देण्यांपोटी ३५ ते ३९ अब्ज पौंडांचा हिशेब झाला, ज्याला वर्तमानपत्रांनी घटस्फोटाची पोटगी म्हटलं. आणि शेतकऱ्यांना ब्रुसेल्सहून, म्हणजे युरोपीय संघाकडून मिळणारं अनुदान आता लंडनच्या तिजोरीतून द्यायचं. थोडक्यात, वर्गणी ही या सगळ्या हिशेबातली सर्वांत लहान ओळ होती आणि प्रचारातली सर्वांत मोठी.

परदेशी लोकांचं येणं थांबलं का?

युरोपीय लोकांचं बरंच घटलं. पुढे तर येणाऱ्यांपेक्षा जाणारे जास्त झाले. बाकीच्यांचं वाढलं. जानेवारी २०२१ पासून गुणांवर आधारित व्हिसा पद्धत आली आणि रुग्णालयं, वृद्धांची देखभाल, विद्यापीठं यांना माणसं हवीच होती. निव्वळ स्थलांतर २०२२-२३ च्या सुमारास नऊ लाखांच्या पुढे गेलं, म्हणजे सदस्यत्वाच्या काळात कधीच नव्हतं एवढं. नंतर व्हिसाचे नियम कडक केल्यावर ते बरंच खाली आलं.

नियंत्रण मिळालं, हे खरंच आहे. आता किती माणसं येऊ द्यायची हे लंडन ठरवतं. पण ठरवायला बसल्यावर सरकारसमोर तेच जुने प्रश्न उभे राहिले. २०२१ च्या सप्टेंबरात ट्रक ड्रायव्हर मिळेनात म्हणून पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, टँकर चालवायला लष्कराचे जवान आणावे लागले, आणि परदेशी ड्रायव्हरांसाठी घाईघाईनं तात्पुरते व्हिसा काढले गेले.

स्वतःचे नियम स्वतः करता येतात, याचा काही उपयोग झाला?

काही ठिकाणी झाला. सॅनिटरी उत्पादनांवरचा व्हॅट १ जानेवारी २०२१ ला काढून टाकला. जनुक-संपादित पिकांसाठी २०२३ मध्ये वेगळा, सैल कायदा केला. २०२५ मध्ये अमेरिकेनं जगभर आयातशुल्क लावलं तेव्हा ब्रिटनला १० टक्क्यांचा मूळ दर लागला आणि युरोपीय संघाला १५ टक्क्यांवर तडजोड करावी लागली. हा बाहेर असण्याचा सरळ फायदा आहे आणि तो मान्य करायला कोणाला अडचण नसावी. कोविडच्या लशीला लवकर मंजुरी मिळाल्याचं श्रेय मात्र जरा जपून द्यावं. ती मंजुरी २ डिसेंबर २०२० ची आहे, त्या वेळी युरोपीय नियम ब्रिटनला लागूच होते, आणि आणीबाणीत अशी मंजुरी द्यायची मुभा त्या नियमांतच होती.

पण बहुतेक उद्योगांना वेगळे नियम नकोच होते. माल नियमांत बसतो हे दाखवणाऱ्या युरोपीय 'सीई' खुणेऐवजी ब्रिटननं स्वतःची 'यूकेसीए' खूण काढली. कारखानदार म्हणाले, युरोपात विकायचं तर 'सीई' लागणारच, मग दोनदा तपासणी कशाला? मुदत एकदा, दोनदा, पुन्हा पुन्हा पुढे गेली, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये सरकारनं बहुतेक मालासाठी 'सीई' बेमुदत चालेल असं जाहीर केलं. सगळे जुने युरोपीय कायदे २०२३ अखेर आपोआप रद्द करायचा बेतही असाच गुंडाळला गेला. हजारोंच्या यादीतले सुमारे सहाशे रद्द झाले.

आयर्लंडच्या सीमेचं एवढं काय होतं?

व्यापाराचा कोणताही हिशेब समजला नाही तरी चालेल, पण हा समजून घ्यावा. दोन ठिकाणचे नियम वेगळे झाले की मधे कुठेतरी तपासणीची रेषा पडते. ती कुठे पाडायची एवढंच ठरवता येतं.

उत्तर आयर्लंड ब्रिटनचा भाग, आयर्लंड युरोपीय संघाचा सदस्य. मधे सुमारे ५०० किलोमीटरची सीमा आणि ती ओलांडणारे दोनशेहून अधिक रस्ते. शेतं, गावं, कुठे कुठे घरंही दोन्हीकडे. तीस वर्षांच्या हिंसाचारानंतर १९९८ च्या गुड फ्रायडे कराराने शांतता आली होती, आणि लष्करी चौक्या गेल्यावर ती सीमा जवळजवळ दिसेनाशी झाली होती. तिथे पुन्हा कस्टम्सचे नाके उभे करायची तयारी कोणाचीच नव्हती.

मग पर्याय तीनच. एक, जमिनीवर नाके उभारायचे, म्हणजे शांतता पणाला लावायची. दोन, संपूर्ण ब्रिटननं युरोपच्या नियमांना जवळून धरून राहायचं, म्हणजे बाहेर पडण्यातला अर्थच कमी व्हायचा. तीन, रेषा समुद्रात ओढायची, म्हणजे एकाच देशाच्या दोन भागांत तपासणी. तेव्हाच्या पंतप्रधान थेरेसा मे यांनी दुसऱ्याच्या जवळचा मार्ग धरला आणि १५ जानेवारी २०१९ ला संसदेत त्यांचा करार २३० मतांनी आपटला. त्यांच्यानंतर पंतप्रधान झालेल्या बोरिस जॉन्सन यांनी तिसरा निवडला, आणि अशी तपासणी होणार नाही असंही सांगत राहिले.

तपासणी अर्थातच आली. इंग्लंडमधली थंड केलेली सॉसेजेस बेलफास्टच्या दुकानात जाऊ शकतात की नाही यावर २०२१ मध्ये दोन सरकारं हमरीतुमरीवर आली. ब्रिटनशी एकनिष्ठ असलेल्या डीयूपी पक्षानं फेब्रुवारी २०२२ पासून दोन वर्षं उत्तर आयर्लंडचं सरकारच चालू दिलं नाही. ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर आराखड्यानं थोडी वाट काढली: उत्तर आयर्लंडमध्येच राहणारा माल हिरव्या मार्गिकेतून, पुढे युरोपात जाणारा लाल मार्गिकेतून. 'युरोपीय संघासाठी नाही' असं छापलेली खाद्यपदार्थांची पाकिटं त्या वर्षीच्या ऑक्टोबरपासून दुकानात दिसू लागली.

देशांतर्गत राजकारणावर काय परिणाम होतो?

सार्वमतात 'राहायचं की निघायचं' एवढंच विचारलं होतं. निघून कुठे जायचं हे विचारलं नव्हतं. ५१.९ टक्के लोकांनी 'निघायचं' म्हटलं, पण त्यात नॉर्वेसारखं नातं हवं असलेले होते आणि सगळे धागे तोडायचे म्हणणारेही. या ५१.९ टक्क्यांचा अर्थ लावण्यात पुढची चार वर्षं गेली. जुलै २०१६ ते जुलै २०२४ या आठ वर्षांत ब्रिटननं पाच नवे पंतप्रधान पाहिले. जे गेले ते सगळे ब्रेक्झिटमुळेच गेले असं नाही, पण थेरेसा मे यांना तरी त्यापायीच जावं लागलं. २०१९ मध्ये जॉन्सन यांनी संसद तहकूब केली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या अकरा न्यायाधीशांनी एकमतानं ती तहकुबी बेकायदा ठरवली. त्यानंतर तीनच महिन्यांत मतदारांनी त्याच जॉन्सनना ८० जागांचं बहुमत दिलं. लोक या विषयाला इतके विटले होते की 'एकदाचं संपवून टाका' हेच धोरण झालं.

देशाच्या एकसंधपणावरही ताण आला. स्कॉटलंडनं ६२ टक्के मतांनी राहण्याच्या बाजूनं कौल दिला होता आणि तरी त्याला बाहेर पडावं लागलं. स्वातंत्र्याच्या मागणीला त्यातून नवं बळ मिळालं. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की लंडनच्या संमतीशिवाय स्कॉटिश संसदेला सार्वमत घेता येणार नाही.

मागे उरलेला गट मोडतो का?

२०१६ मध्ये अनेकांना तसं वाटत होतं. झालं उलट. सत्तावीस देश वाटाघाटीत एका सुरात बोलले. फ्रान्समध्ये अतिउजव्या नेत्या मरीन ल पेन यांनी युरो सोडण्याची भाषा बाजूला ठेवली. लंडनमधला तमाशा टीव्हीवर पाहिल्यावर तिकडच्या मतदारांना तो प्रयोग आपल्या घरी नको होता. जुलै २०२० मध्ये युरोपीय संघानं ७५० अब्ज युरोंचं सामाईक कर्ज उभारायचं ठरवलं. ब्रिटन आत असता तर ते एवढ्या सहज मंजूर झालं नसतं असं माझं मत आहे. तोटाही झालाच: संघाची दुसऱ्या क्रमांकाची अर्थव्यवस्था गेली, अर्थसंकल्पात भोक पडलं. आयर्लंडचे ट्रक पूर्वी इंग्लंड ओलांडून युरोपात जायचे. त्यांनी आता आयर्लंडच्या रॉसलेअर बंदरातून थेट फ्रान्सच्या डंकर्कच्या बोटी धरल्या. प्रवास लांब, पण कागद कमी.

बाहेर पडल्यावर इतरांशी नवे करार होतात, त्यांनी भरपाई होत नाही का?

होते, थोडी. ब्रिटन-ऑस्ट्रेलिया करारातून दीर्घकाळात राष्ट्रीय उत्पन्न ०.०८ टक्क्यानं वाढेल, असा खुद्द ब्रिटिश सरकारचाच अंदाज होता. डिसेंबर २०२४ मध्ये ब्रिटन प्रशांत महासागराभोवतीच्या देशांच्या सीपीटीपीपी या व्यापारी गटात गेला. जुलै २०२५ मध्ये भारताशी करारावर सह्या झाल्या, ज्यात स्कॉच व्हिस्कीवरचं १५० टक्के शुल्क आधी ७५ आणि दहा वर्षांत ४० टक्क्यांवर यायचं आहे. स्कॉचवाल्यांसाठी ही मोठीच गोष्ट. पण व्यापार अंतराला फार मानतो. शेजारचा मोठा बाजार सोडून दूरच्या दहा बाजारांशी करार केले तरी गणित सहसा जमत नाही.

बाहेर पडून भलं झालं असा एखादा देश?

ग्रीनलंड. डेन्मार्कचा भाग म्हणून १९७३ मध्ये तो, बहुसंख्य लोकांचा विरोध असताना, युरोपीय समुदायात ओढला गेला. पुढे स्वायत्तता मिळाल्यावर १९८२ मध्ये त्यांनी सार्वमत घेतलं आणि १ फेब्रुवारी १९८५ ला बाहेर पडले. मुद्दा एकच होता, मासे. त्यांनी मासेमारीचा हक्क स्वतःकडे घेतला, युरोपीय बोटींना परवानगी देण्याबद्दल पैसे घेतले आणि आपली मासळी युरोपात शुल्काविना विकण्याची सोयही ठेवली. पन्नास हजारांची वस्ती आणि एकच माल असूनही त्यांना तीन वर्षं वाटाघाटी कराव्या लागल्या.

चिली १९७६ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या शेजाऱ्यांच्या अँडियन करारातून बाहेर पडला तो उलट कारणासाठी: गटाचे नियम परकीय गुंतवणुकीला फार आवळतात, बाहेरच्यांसाठी शुल्क फार आहे, असं तिथल्या लष्करी राजवटीचं म्हणणं. १९७९ पर्यंत त्यांनी शुल्क सरसकट १० टक्क्यांवर आणलं. १९८२ मध्ये जबर आर्थिक संकट आलं, शुल्क पुन्हा वाढलं, नंतर पुन्हा उतरलं. आज चिली जगात सर्वाधिक व्यापार करार असलेल्या देशांपैकी आहे.

आणि एक उदाहरण सगळे विसरतात. १९६० मध्ये ब्रिटनच्याच पुढाकारानं स्थापन झालेला एफ्टा हा युरोपातला मुक्त व्यापार गट ब्रिटननं १९७२ च्या अखेरीस सोडला, युरोपीय समुदायात जाण्यासाठी. लहान गटातून मोठ्या गटात जाणं हे निघण्यात मोजलंच जात नाही.

माली, बुर्किना फासो आणि नायजर यांचं काय?

तिथे कारण राजकीय आहे. तिन्ही देशांत लष्करानं सत्ता घेतली, इकोवासनं निर्बंध लावले, आणि जानेवारी २०२४ मध्ये तिघांनी निघायचं जाहीर केलं. २९ जानेवारी २०२५ ला ते बाहेर पडले. तिन्ही देशांना समुद्र नाही, माल शेजाऱ्यांच्या बंदरांतूनच येणार. म्हणून एक गोष्ट त्यांनी सोडलेली नाही: सामाईक चलन असलेला पश्चिम आफ्रिकी आर्थिक संघ. त्यामुळे सेनेगल किंवा आयव्हरी कोस्टशी जुनं नातं टिकलं, आणि खरी अडचण नायजेरिया व घानासारख्या त्या संघाबाहेरच्या शेजाऱ्यांशी.

भारत आरसेपमधून बाहेर पडला, तेही असंच ना?

नाही. आरसेप हा आशिया-प्रशांत देशांचा व्यापार करार, आणि भारतानं ४ नोव्हेंबर २०१९ ला बँकॉकमध्ये त्याच्या वाटाघाटींतूनच माघार घेतली. सदस्यत्व नव्हतंच, त्यामुळे सोडण्यासारखं काही नव्हतं. अमेरिकेनं जानेवारी २०१७ मध्ये टीपीपी हा प्रशांत महासागराभोवतीच्या देशांचा करार सोडला तेही याच जातीचं: सही झाली होती, पण करार लागू झाला नव्हता. आत न जाण्याचा तोटा असतो, पण त्यात आधी विणलेल्या पुरवठा साखळ्या उसवाव्या लागत नाहीत.

पश्चात्ताप झाला तर परत जाता येतं का?

येतं, पण नव्या अर्जदारासारखं. युरोपीय संघात प्रवेशाला सगळ्या सदस्यांची संमती लागते, आणि तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांनी १९८४ मध्ये मिळवलेली वर्गणीतली सूट किंवा युरो न घेण्याची मुभा पुन्हा मिळेल याची खात्री नाही. ब्रिटनमधल्या सर्वेक्षणांत गेली काही वर्षं 'निघणं चुकलं' म्हणणारे जास्त आहेत, तरी २०२४ मध्ये सत्तेवर आलेल्या लेबर सरकारनं एकल बाजारपेठ, सीमाशुल्क संघ आणि मुक्त ये-जा तिन्हींना नकार दिला.

मधली वाट १९ मे २०२५ ला लंडनमध्ये ब्रिटन आणि युरोपीय संघाच्या बैठकीत निघाली. मांस, मासळी, दूध यांवरची बहुतेक कागदपत्रं जावीत यासाठी ब्रिटननं त्या क्षेत्रातले युरोपीय नियम, पुढे ते बदलतील तसे, पाळायचं तत्त्वतः मान्य केलं. ते नियम ठरवताना त्याला मत नसेल. त्याच दिवशी युरोपीय बोटींना ब्रिटिश पाण्यात मासेमारीची मुभा २०३८ पर्यंत वाढवून देण्यात आली.